जुळ्यांचं जनुक कळपात कसं आणायचं

मेंढ्यांच्या कळपासाठी नर घ्यायला गेलं की माणसं आधी उंची बघतात, मग कमरेवर हात दाबून मांस बघतात, मग पाय आणि वृषण. बघावंच ते सगळं. पण जुळ्यांचं जनुक, म्हणजे ज्यामुळं मेंढीला जुळी कोकरं होतात ते, यातल्या कशातच दिसत नाही. ते काम करतं मादीच्या अंडाशयात. नर ते नुसतं वाहून नेतो आणि लेकींना देतो. त्याच्या अंगावर त्याची काही खूण नसते.

हे मला २०१६ साली माहीत नव्हतं. आम्ही बाजारातून एक नर आणला. विकणारा म्हणाला, जुळ्याचा आहे, याची आई दर वेताला दोन देते. अठरा हजार मोजले. त्याच्यापासून झालेल्या चौदा माद्या आम्ही विकल्या नाहीत, वाढवल्या. दोन वर्षांनी त्या व्यायल्या, तेव्हा तेराजणींना एकेक आणि एकीला दोन. मामा, म्हणजे माझे सासरे, कुणाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, बांधता बांधता एवढंच म्हणाले, "पोरी, आता कागद असल्याशिवाय जनावर आणायचं नाही."

त्या माणसानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मेंढीला दोन होत असतील. पण चांगल्या चाऱ्याच्या साली साध्या मेंढीलाही कधी जुळं होतं. आणि आईकडं जनुक असलं तरी ते प्रत्येक लेकराला मिळतंच असं नाही. त्यामुळं "याची आई जुळी देते" हा पुरावा नव्हे. डीएनए तपासणीचा कागद हाच पुरावा. हे लिहायचं कारण एवढंच, की आता आमच्या माण तालुक्यात पुष्कळजण जुळ्यांच्या जनुकाचा नर शोधायला लागलेत आणि माझ्याकडं तेच तेच प्रश्न येतात.

हे जनुक आलं कुठून

आपली दख्खनी मेंढी, लोणंदची म्हणा किंवा माडग्याळची, एका वेताला एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी आहे. अंगानं एवढीशी, पुरी वाढली तरी दहा ते चौदा किलो, पण दोन-तीन कोकरं सहज देते. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजानं बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढं तिथं कूमा गावाजवळच्या बूरूला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या खूप जुळी-तिळी देतात म्हणून प्रसिद्ध झाल्या. २००१ मध्ये शास्त्रज्ञांना त्यामागचं जनुक सापडलं आणि लगेच पुढं हेही कळलं, की तोच बदल आपल्या गॅरोलमध्ये आहे. म्हणजे बंगालची ठेव परदेशी जाऊन आली आणि मग आपल्याला तिचं नाव कळलं. त्या जनुकाला फेकबी म्हणतात.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ ची. बनबिहारी निंबकरांनी १९९० च्या दशकात तिथं गॅरोल आणल्या आणि डॉ. चंदा निंबकर यांच्या चमूनं ते जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं. नुसता संकर केला असता तर लेकरं गॅरोलसारखी खुजी झाली असती. म्हणून दर पिढीला पुन्हा दख्खनीशी मेळ घातला. पहिल्या पिढीत गॅरोलचं रक्त निम्मं, मग पाव, मग दोन आणे, मग एक आणा. आणि दर पिढीला तपासणी करून ज्यांच्यात जनुक उतरलंय तेवढ्याच ठेवल्या. तपासणीचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर उभं राहिलं. अंग आपलं, जुळं गॅरोलचं, अशी जी मेंढी तयार झाली ती 'नारी सुवर्णा'.

लोक मला विचारतात, हे क्लोनिंग आहे का? जनुकात छेडछाड आहे का? मटण खायला चालतं का? सरळ उत्तर देते. क्लोन म्हणजे एका जनावराची हुबेहूब दुसरी प्रत. स्कॉटलंडची डॉली मेंढी १९९६ ची. तिच्यासाठी २७७ अंड्यांत पेशी जोडल्या, तेव्हा एक कोकरू जगलं. आपल्याकडं कर्नालला २००९ मध्ये म्हशीचं क्लोन रेडकू झालं, ते पाच-सहा दिवसांत गेलं, पुढची मात्र जगली, त्यांतली एक व्यायलीसुद्धा. जनुकसंपादन म्हणजे प्रयोगशाळेत जनुकाचीच दुरुस्ती. तसं मेंढीचं कोकरू काश्मीरच्या कृषी विद्यापीठात डिसेंबर २०२४ मध्ये झालं. नारी सुवर्णा यातलं काहीच नाही. इथं नर आणि मादीचा साधा मेळ आहे, प्रयोगशाळा फक्त कोणात जनुक आलं ते सांगते. मेंढीचंच जनुक मेंढीत आलंय. मटण आपल्या मटणासारखंच.

आधी स्वतःला विचारा

आमच्या मामांच्या काळात दीडशे मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरतं बिऱ्हाड, कोकणात उतरायचा आणि ज्येष्ठात परत यायचा. आता मेंढरं बसवायला रानं मिळेनात, पोरांची शाळा बुडते, म्हणून आम्ही फिरती बंद केली आणि अडतीस मेंढ्यांवर आलो. दिवसा चार-पाच तास चराई, बाकी घरी. थोड्या मेंढ्यांत घर चालवायचं तर दर मेंढीमागं जास्त कोकरं पाहिजेत. म्हणून आम्हाला हे जनुक उपयोगी.

तुमचा वाडा अजून सहा महिने चालता असेल तर सगळा कळप बदलू नका असं माझं स्पष्ट मत आहे. वाटेत व्यायलेल्या मेंढीची दोन ओली कोकरं घोड्यावर घालून पुढच्या मुक्कामाला न्यायची, तिथं पुन्हा दोघांना चीक पाजायचा, हे एक-दोन मेंढ्यांचं जमतं, वीसांचं जमत नाही. अशा वाड्यात दहा जनुकवाल्या मेंढ्या ठेवा आणि बघा.

घरी असाल तर तीन गोष्टी मोजा. विहिरीला मार्च-एप्रिलपर्यंत पाणी आहे का, म्हणजे अर्धा एकर तरी लसूणघास, कडवळ किंवा मका राहील. बांधावर शेवरी, सुबाभूळ आहे का. आणि विण्याच्या दीड महिन्यात रात्री उठणारं माणूस घरात आहे का. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन असून उपयोग नाही.

दुहेरी, एकेरी, साधी

प्रत्येक जनावराला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. जुळ्यांची प्रत दोन्हीकडून आली तर कागदावर 'बी बी' लिहून येतं, एकीकडून आली तर 'बी प्लस', आणि नसेल तर 'प्लस प्लस'. आम्ही घरात दुहेरी, एकेरी आणि साधी म्हणतो. आत्यांना म्हणजे सासूबाईंनाही तेच लक्षात राहतं.

पहिला नर दुहेरीच घ्या. साध्या मेंढ्यांवर दुहेरी नर सोडला की होणारं प्रत्येक कोकरू एकेरी असतं. तपासणीचा खर्चच नाही. आम्ही २०१९ मध्ये फलटणहून दुहेरी नर आणला, आणि त्याच्या सगळ्या लेकी एकेरी आहेत हे मला कुणी सांगायला लागलं नाही. एकेरी नर स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात, मग निम्मी कोकरं साधी होतात आणि कुठली साधी ते कळत नाही. तिथं वाचवलेले पैसे तपासणीत जातात.

पुढच्या पिढीला थोडा विचार लागतो. त्या एकेरी लेकींवर दुहेरी नर सोडला तर निम्मी कोकरं एकेरी, निम्मी दुहेरी. एकेरी नर सोडला तर चारात एक दुहेरी, दोन एकेरी, एक साधं. साधा नर सोडला तर निम्मी एकेरी, निम्मी साधी. हे हिशेब नाणेफेकीसारखे आहेत. चार कोकरांत नेमके दोन निघतील असं नाही, चाळीसांत वीसाच्या जवळपास निघतील.

माझ्या मते आपल्याकडच्या चाऱ्यावर एकेरी मेंढीच बरी. एकेरीला बहुतेक एक किंवा दोन होतात. दुहेरीला दोन, आणि तीनही वारंवार. सडं दोनच असतात. तिसरं कोकरू दीड किलोचं, उभं राहायला तास लावतं, आणि त्याला बाटलीवर जगवताना पहिल्या दोघांकडं दुर्लक्ष होतं. ज्यांच्याकडं गोठा पक्का आहे, खुराक विकत घ्यायची ताकद आहे, त्यांनी दुहेरी ठेवाव्यात. मी एकेरी लेकींवर उंचापुरा साधा माडग्याळ नर सोडते, कारण कोकराला वजन येतं. मग होणाऱ्या माद्यांची तपासणी करते आणि एकेरी तेवढ्या ठेवते. शेजारच्या वाडीतला एक मेंढपाळ नेमकं उलटं करतो, दर वेळी दुहेरी नर आणतो आणि तपासणीचे पैसे वाचवतो. त्याचंही चाललंय.

नर कुठलाही असो, पंचवीस-तीस मेंढ्यांमागं एक, आणि दोन वर्षांनी बदला. तिसऱ्या वर्षी त्याच्या लेकी माजावर येतात आणि बाप-लेकीचा मेळ झाला की कोकरं मरतुकडी निघतात. नर विकायला जीव होत नसेल तर दुसऱ्या गावच्या ओळखीच्या माणसाशी अदलाबदल करा, कागदासकट.

रक्ताचा नमुना

तपासणीला रक्ताचे थोडे थेंब पुरतात. कोकरू दोन-तीन महिन्यांचं झालं की मानेच्या शिरेतून डॉक्टरांकडून किंवा पशुधन पर्यवेक्षकाकडून काढून घ्या, स्वतः सुई खुपसत बसू नका. नळी जांभळ्या टोपणाची घ्या. तिच्यात रक्त गोठू न देणारं औषध आधीच असतं. रक्त घातलं की नळी सात-आठ वेळा हळूच उलटी-सुलटी करा, हिसडू नका. गोठलेलं रक्त पाठवलं तर पुन्हा सगळी धावपळ. बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला नळी चिकटू देऊ नका, मध्ये कापड घाला. पाठवायच्या आधी प्रयोगशाळेला फोन करून नमुना कसा हवा ते विचारा, काही ठिकाणी कागदाच्या पट्टीवरचा थेंबही चालतो.

सगळ्यांत जास्त चुका नळीवरच्या नावात होतात. आधी कानात बिल्ला, मग रक्त. "काळ्या तोंडाची धाकटी" असं लिहिलेली नळी मी स्वतः पाठवली आहे आणि महिन्याभरानं कागद आला तेव्हा कळपात काळ्या तोंडाच्या धाकट्या तीन होत्या.

फलटणला मला त्या तपासणीचा फोटो दाखवला होता. रक्तातून त्या जनुकाचा १९० अक्षरांचा तुकडा काढतात, त्याच्या पुष्कळ प्रती करतात आणि त्यात एक रासायनिक कातर सोडतात. जुळ्यांची प्रत असेल तिथंच ती कातर चालते आणि १६० अक्षरांचा तुकडा उरतो. मग ते जेलीसारख्या थरातून विजेवर पळवले की लहान तुकडा पुढं जातो. साधीची एक रेघ मागं, दुहेरीची एक रेघ पुढं, एकेरीच्या दोन्ही रेघा. मी बारावीपर्यंत शिकले, पण एवढी बारीक गोष्ट डोळ्यांनी दिसेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या जनुकात फरक आहे तो एका अक्षराचा. त्यामुळं अंडाशयातली बीजं लहान असतानाच पिकतात, आणि एकाच्या जागी दोन-तीन सुटतात.

आता खरं काम

बीज सुटलं म्हणजे कोकरू विकलं गेलं असं नाही. जनुकाचं काम माजाच्या एका दिवसात संपतं. त्यापुढचे पाच महिने पोटातले आणि तीन महिने बाहेरचे आपले.

आमच्याकडं पहिला पाऊस पडून हिरवा कोंब आला की मेंढ्या माजावर येतात. नर सोडायच्या तीन आठवडे आधी कमरेच्या मणक्यांवर हात फिरवून बघा. मणक्यांची टोकं बोटाला टोचत असतील तर त्या मेंढीला रोज दोनशे ग्रॅम भरडा सुरू करा. गुबगुबीत मेंढीला देऊ नका. नर पस्तीस ते चाळीस दिवस कळपात ठेवा आणि मग बाजूला बांधा. माज सतरा दिवसांनी फिरतो, म्हणजे प्रत्येकीला दोन संधी मिळतात. नर बारमाही मोकळा ठेवला तर मेंढ्या वर्षभर कधीही विणार आणि रात्री जागणारं माणूस थकून जाणार. नराच्या छातीला गेरू आणि तेल लावून ठेवलं की कुठली मेंढी कधी लागली ते पाठीवरच्या डागावरून कळतं. तारीख वहीत लिहा. त्यात दीडशे दिवस मिळवले की विण्याचा दिवस.

शेवटचा दीड महिना सगळ्यात महत्त्वाचा. पोटातल्या कोकराची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ याच काळात होते. दोन कोकरं असली की पोटात चाऱ्याला जागा उरत नाही, आणि गरज मात्र दुप्पट. म्हणून थोडक्यात जास्त दम असलेला खुराक लागतो. मी मक्याचा भरडा निम्मा, बाकीत शेंगदाणा पेंड आणि गव्हाचा कोंडा, वर मूठभर मीठ आणि क्षारमिश्रण असं करते. अडीचशे ग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला वाढवत चारशेपर्यंत नेते, दोन वेळांत वाटून. एकदम वाढवलं तर अपचन होतं, आंत्रविषार हा आतड्यात विष होण्याचा रोगही होतो. त्याची लस विण्याच्या महिनाभर आधी टोचून घ्या, म्हणजे चिकातून कोकरांनाही संरक्षण मिळतं. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी, लाळ्या खुरकूत यांच्या लसी डॉक्टरांच्या वेळापत्रकानं.

२०२१ च्या कार्तिकात आमच्या ४७ नंबरच्या मेंढीची थोरली बहीण गेली, ३१ नंबरची मेंढी. पहिली एकेरी मेंढी, पोटात दोन, विण्याला बारा दिवस होते. दोन दिवस ती कळपामागं राहायला लागली. मग दावणीपाशी उभी राहून खायची नाही, दात खायची, मान वर करून भिंतीला धडकायची. मी म्हटलं दृष्ट लागली असेल किंवा काही विषारी खाल्लं असेल. गुळाचं पाणी पाजलं आणि वाट बघितली. तिसऱ्या दिवशी आडवी पडली. डॉक्टर आले तेव्हा तिच्या श्वासाला गोडसर वास येत होता. त्यांनी सांगितलं, खाणं कमी पडलं की मेंढी स्वतःच्या अंगावरची चरबी जाळते आणि त्याचं विष रक्तात साठतं. जुळी पोटात असणाऱ्यांनाच हा आजार जास्त होतो. तिला वाचवता आलं नाही, कोकरंही गेली.

तेव्हापासून माझा नियम असा. गाभण मेंढी शेवटच्या दीड महिन्यात एक वेळ जरी खुराकाला तोंड लावेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शिरेतून ग्लुकोज आणि तोंडानं द्यायचं औषध वेळेत मिळालं तर मेंढी उठते. गुळानं भागत नाही. आणि त्या काळात मेंढ्यांना उपाशी ठेवून लांब चालवू नका, एक दिवससुद्धा.

विण्याची रात्र

चार फूट बाय चार फुटांचे कप्पे करून ठेवा, जुन्या बाजल्या आडव्या लावल्या तरी चालतात. दहा मेंढ्यांमागं एक कप्पा पुरतो. जुळी झाली की आई आणि दोन्ही कोकरं दोन दिवस तिथंच. मोकळ्या वाड्यात पहिलं कोकरू उठून भटकतं, आई दुसऱ्याला चाटण्यात गुंतते, आणि सकाळी पहिल्याला ती ओळखतच नाही. ही गोष्ट एक-एक देणाऱ्या मेंढ्यांत आम्हाला कधी दिसली नव्हती.

पहिलं कोकरू बाहेर आलं की नाक-तोंड पुसून आईच्या तोंडासमोर ठेवा. दुसरं अर्ध्या तासात येतं. तासभर कळा देऊन काही पुढं सरकलं नाही तर डॉक्टर. दोघांचे पाय गुंतलेले असू शकतात, ओढाताण करू नका. नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. मग सडातली मेणासारखी गुठळी पिळून काढा आणि दोघांनाही चीक.

चिकाचं माप पाठ करा. किलोमागं पन्नास मिली पहिल्या खेपेला, आणि पहिल्या चोवीस तासांत किलोमागं दोनशे. म्हणजे दोन किलोच्या कोकराला पहिल्यांदा शंभर मिली आणि दिवसभरात चारशे. पहिली खेप दोन तासांच्या आत. जोरकस कोकरू दोन्ही सडं रिकामी करतं आणि अशक्त तसंच राहतं, म्हणून अशक्ताला आधी लावा. पोटाला हात लावून बघा, भरलेलं पोट कळतं.

कोकराच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार असेल तर आधी त्याला कोरडं करा, पोत्यात गुंडाळून चुलीपाशी किंवा बल्बखाली ऊब द्या, आणि मग चीक. गार पडलेल्या कोकराच्या घशात दूध ओतलं की ते छातीत जातं. कार्तिक-मार्गशीर्षाच्या पहाटे आमच्याकडं सगळ्यात जास्त कोकरं थंडीनं जातात.

चीक साठवून ठेवा. ज्या मेंढीला एकच कोकरू झालंय तिचा जास्तीचा चीक शंभर मिलीच्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा कोमट पाण्यात ठेवून पातळ करायचा. उकळायचा नाही, चीक फाटतो आणि त्यातली ताकद जाते. मेंढीचा नसेल तर शेळीचा चालतो. आत्या पूर्वी दोन शेळ्या कळपात कशाला ठेवत होत्या ते मला तेव्हा कळलं.

तिळी झाली तर एक कोकरू दुसऱ्या मेंढीला लावून बघा. एकच कोकरू झालेली, नुकतीच व्यायलेली मेंढी निवडा. तिच्या वारेचं पाणी त्या परक्या कोकराच्या अंगाला, विशेषतः डोक्याला आणि शेपटीखाली चोळा आणि तिच्या स्वतःच्या कोकराबरोबर पुढं करा. वार पडायच्या आत केलं तर दहात सहा-सात वेळा ती घेते. दुसऱ्या दिवशी केलं तर ढुशा देते.

कप्प्यातून सोडायच्या आधी आई आणि तिच्या दोन्ही कोकरांच्या कुशीवर एकच आकडा रंगवा. लांबूनच कळतं कोण कुणाचं, आणि कुठलं उपाशी फिरतंय.

वही

वही नसेल तर जनुकाचा उपयोग नाही असं मी ठामपणे सांगते. माझ्या वहीत आठच रकाने आहेत: बिल्ला, बाप, दुहेरी-एकेरी-साधी, लागल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, किती झाली, वजन, आणि तीन महिन्यांनी किती जिवंत. शेवटचा रकाना बहुतेकजण ठेवत नाहीत.

२०२४ च्या हंगामाचं पान असं आहे. एकेरी मेंढ्या बावीस. अकराजणींना एक, दहाजणींना दोन, एकीला तीन. कोकरं चौतीस. साध्या मेंढ्या सोळा, त्यांना कोकरं सतरा. तीन महिन्यांनी एकेरींची एकोणतीस जिवंत, साध्यांची सोळा. म्हणजे जनुकवाल्या शंभर मेंढ्यांमागं एकशे बत्तीस कोकरं विकायला मिळतात, साध्या शंभरांमागं शंभर. निम्म्या एकेरी मेंढ्यांना एकच झालं हेही बघा. "सगळ्यांना जुळी" असं जो सांगेल त्याच्याकडून काही घेऊ नका. जुळ्यांतलं कोकरू जन्मताना दोन-सव्वादोन किलोचं, एकटं तीनच्या आसपास. तीन महिन्यांनी जुळ्यांतलं दोन-तीन किलोंनी मागं असतं, पण दोन मिळून एकट्यापेक्षा कितीतरी जास्त. पंधराव्या दिवसापासून कोकरांना वेगळ्या कुडात बारीक भरडा आणि शेवरीचा पाला ठेवला की हा फरक कमी होतो. कुडाचं दार एवढंच ठेवा, की कोकरू आत जाईल आणि आई बाहेर राहील.

ठेवायची मादी निवडताना आधी कागद बघा, मग आईची ओळ. जिनं दोन वेतांत जुळी जन्माला घातली पण दोन्ही वेळा एकच जगवलं, तिची लेक मी ठेवत नाही. कागदावर एकेरी असली तरी नाही. दूध आणि माया या जनुकात नाहीत, त्या रक्तातून वेगळ्या येतात आणि त्यांची तपासणी वहीतच होते.

नर कोकरं विकताना ज्यांचा कागद आहे ती वेगळी ठेवा. कागदाची झेरॉक्स आणि बिल्ल्याचा नंबर घेणाऱ्याच्या हातात द्या, आणि एकेरी असेल तर एकेरीच सांगा, निम्म्याच लेकींत उतरेल हेही सांगा. ज्यांची तपासणी केली नाही ती वजनावर, खाटकाला. "बहुतेक असेल" म्हणून पैदाशीला द्यायची नाहीत.

४७ नंबरनं यंदा तिसऱ्यांदा जुळी दिली. दोन्ही माद्या, सव्वादोन आणि दोन किलो, दोन्ही जगल्या. त्यांच्या कानात १०२ आणि १०३ चे बिल्ले घातलेत. बाप साधा माडग्याळ, त्यामुळं कुणात उतरलंय ते सांगता येत नाही. पुढच्या सोमवारी पर्यवेक्षक भाऊ रक्त काढायला येणार आहेत, बर्फाचा डबा शेजारणीकडून आणून ठेवलाय.